'लगेच' म्हणजे किती महिने?



आज जरा रागातच लिहायला बसले आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते. विषयही असा आहे की आपल्या नात्यातली काही माणसं "या वयात हे काय लिहायचं?" म्हणतील. म्हणोत बापडी. पस्तीस वर्षं मुलींना मराठी आणि इतिहास शिकवला. त्या मुली आता लेकुरवाळ्या झाल्या, आणि त्यांच्यातल्या ज्या अजून माझ्याकडे येऊन बसतात त्या काही आग्र्याहून सुटकेच्या नोट्स मागायला येत नाहीत.

विषय आहे पाळणा लांबवायचं तीन महिन्यांचं इंजेक्शन, आणि ते थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला लागणारा वेळ.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सरकारी दवाखान्यात या इंजेक्शनला 'अंतरा' म्हणतात. २०१७ साली ते सरकारी कार्यक्रमात आलं, आणि पहिल्या दहा राज्यांत आपला महाराष्ट्र आणि गोवाही होता. त्याआधी ते फक्त खाजगीत मिळायचं, 'डेपो-प्रोव्हेरा' या नावाने. औषध तेच, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट, १५० मिलिग्रॅम. दर तीन महिन्यांनी एक सुई. रोज गोळी लक्षात ठेवायला नको, घरात कुणाला दिसायला नको, नवऱ्याच्या विनवण्या करायला नकोत. माझा या इंजेक्शनला विरोध नाही, हे नीट वाचा. ज्या बाईला पुढची तीन वर्षं मूल नको आहे आणि घरात ज्या विषयावर बोलायची सोय नाही, तिला हे वरदान वाटलं तर मला त्यात नवल वाटत नाही.

माझं भांडण दुसरंच आहे. हे इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहतात का? राहतात. लगेच राहतात का? बहुतेकींना नाही. ही दोन वाक्यं सांगायला दहा सेकंद पुरतात. पण पहिलं सांगतात आणि दुसरं गिळतात.

मी विज्ञानाची बाई नव्हे, साधी मराठी माध्यमातली बी.ए. पण वाचता येतं. अमेरिकेत या औषधाला १९९२ साली गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली, आणि तिथल्या माहितीपत्रकात आकडे स्पष्ट दिले आहेत. ज्या बायकांना इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहिले, त्यांतल्या शंभरापैकी ६८ जणींना शेवटच्या सुईपासून बारा महिन्यांच्या आत राहिले. पंधरा महिन्यांपर्यंत ८३ जणींना. अठरा महिन्यांपर्यंत ९३ जणींना. बरोबर मधली बाई धरली तर दहा महिने. सगळ्यात लवकर चार महिने, सगळ्यात उशिरा एकतीस. म्हणजे वर्ष उलटलं तरी शंभरातल्या बत्तीस जणी वाट बघत बसलेल्या असतात, आणि पुढे त्यांची कूस उजवते!

हे काही काल सापडलेलं गुपितही नाही. थायलंडमधल्या चियांग माईला १९६५ पासून हे इंजेक्शन दिलं जात होतं. तिथल्या शेकडो बायकांचा पाठपुरावा करून १९८४ साली हेच छापलं गेलं, की उशीर होतो पण बहुतेकींना मूल होतं. २०२० साली डेन्मार्क आणि उत्तर अमेरिकेतल्या सुमारे अठरा हजार बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तांबी काढल्यावर अंग पूर्ववत व्हायला साधारण दोन पाळ्यांचा काळ, गोळ्या सोडल्यावर तीन, आणि इंजेक्शन सोडल्यावर पाच ते आठ. आणि आपल्या सरकारच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतही शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने असं लिहिलेलं आहे. मग अडतं कुठे? पुस्तिकेतून बाईच्या कानापर्यंतचं अंतर काही केल्या कापलं जात नाही.

उशीर का होतो तेही समजून घेण्यासारखं आहे. पिठीसाखर तोंडात टाकली की विरते, खडीसाखरेचा खडा गालात धरून ठेवला तर कितीतरी वेळ पुरतो. या इंजेक्शनात औषधाचे बारीक स्फटिक असतात. ते स्नायूत जाऊन बसतात आणि हळूहळू विरघळतात. (म्हणूनच सुई टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषध भराभर सुटतं. आपल्याकडे सुई टोचली की चोळायचंच, असा हाताला वळसा पडलेला, पण इथे चोळायचं नाही.) औषध अंगात असेपर्यंत मेंदूकडून अंडाशयाला निरोप जात नाही, आणि स्त्रीबीज सुटत नाही. तीन महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे तीन महिने तरी नक्की काम करणार. नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करून निघून जाणार, असं नाही. म्हणून तर तारीख चुकली तरी चार आठवड्यांपर्यंत पुढची सुई देता येते. औषध पूर्ण उतरायला कुणाला किती दिवस लागतील ते त्या त्या शरीरावर आहे. तांबी नको झाली तर काढून टाकता येते, गोळी उद्यापासून बंद करता येते. टोचलेली सुई मात्र परत ओढून घेता येत नाही, की तिच्यावर उतारा नाही.

पाळीचंही तसंच. इंजेक्शन चालू असताना आधी अवेळी थोडंथोडं जातं, मग पुष्कळ जणींची पाळी थांबते. वर्ष झालं की निम्म्याहून जास्त जणींची थांबलेली असते. रक्त आत साठत नाही, काही सुकत नाही. गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, म्हणून जायला काही नसतं. बंद केल्यावर पाळी परत यायलाही काही महिने जातात.

आता ज्या मुलीमुळे हे लिहायला घेतलं तिच्याविषयी. तिला विचारून लिहितेय, आणि ओळखू येणार नाही एवढ्या खुणा बदलल्या आहेत. माझी जुनी विद्यार्थिनी, वय एकतीस. पहिली मुलगी पाच वर्षांची. ती दीड वर्षाची झाल्यावर हिने इंजेक्शन सुरू केलं. सासूबाईंना नातू हवा होता (हो, नातूच), आणि हिलाही दुसरं मूल हवं होतं, म्हणून गेल्या वर्षी मार्चमध्ये शेवटची सुई घेऊन थांबवलं. दवाखान्यात तिला सांगितलं होतं, "बंद केलंस की मोकळी. पुढच्या महिन्यापासून चालू." हातातल्या कार्डावर पुढच्या सुईची तारीख लिहायची जागा, बाकी काही नाही.

सासूबाईंनी एप्रिलपासून महिने मोजायला सुरुवात केली. मंडळी, एप्रिल, मे आणि जून हे तर त्या मार्चच्या सुईचेच महिने! ज्या महिन्यांत दिवस राहू नयेत म्हणून औषध टोचलं, तेच महिने "एवढे दिवस झाले तरी काही नाही" यात धरले गेले. जुलैत पाळी आली नाही तेव्हा घरात आनंद झाला. तपासणीत काही निघालं नाही, तेव्हा त्या आनंदाचा राग झाला. ऑगस्टमध्ये शेजारच्या बाईंनी सांगितलं की त्या सुईने कूस वाळते. सप्टेंबरमध्ये, म्हणजे शेवटच्या सुईपासून सहाव्या महिन्यात, तिला शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, बीज तयार होण्याच्या गोळ्या झाल्या. इंजेक्शन कधी बंद केलं हे तिथे तिला कुणी विचारलं नाही, आणि ते सांगायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. मग एका वैद्यांचा काढा. मग नवस. तिच्या बांगड्या गेल्या. डिसेंबरात तिला "थोडे दिवस हवापालट" म्हणून माहेरी पाठवलं, आणि तो हवापालट अजून चालू आहे.

हे सगळं ती माझ्या ओट्यावर बसून सांगत होती, तेव्हा मी कॅलेंडर काढून तिच्यासमोर महिने मोजले. ती म्हणाली, "बाई, मला वाटलं माझंच काहीतरी संपलं." आज चौदावा महिना चालू आहे. अजून काही नाही. चौदाव्या महिन्याचा हिशोब मी वर दिलाच आहे, तो मी तिलाही दिला. मूल होईलच असं वचन मी कशी देऊ? तिला दिवस राहायला दुसरीही काही अडचण असू शकते, तशी कुणालाही असू शकते. पण सहाव्या महिन्यात तिला वांझ ठरवलं गेलं, ते साफ खोटं होतं. आणि ते खोटं टाळायला वर्षापूर्वी बोललेलं एक वाक्य पुरलं असतं.

तिच्या नवऱ्याची तपासणी झाली का, हे मी विचारलं. नाही. "पहिली मुलगी आहे ना, मग त्याला काय झालंय?" मग पहिली मुलगी हिलाही आहेच की! तिच्या बाबतीत हे तर्कशास्त्र कुठे गेलं होतं? मूल होण्यात अडचण येणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा जोडीने. आणि त्याची पहिली तपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त. एक बाटली द्यायची. त्या बाटलीपेक्षा बायकोच्या बांगड्या विकणं घराला सोपं गेलं.

ही हकीकत मी नावगाव न सांगता गेल्या महिन्यात एका लग्नघरी बोलले. तिथे आमचे एक भावोजी होते, आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले. सज्जन गृहस्थ, आयुष्यभर प्रामाणिकपणे नोकरी केलेले. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं खरं आहे. पण हे आधी सांगितलं तर बायका इंजेक्शन घेणारच नाहीत." आणि आजूबाजूच्या चार शिकलेल्या माणसांनी माना डोलावल्या.

भावोजी, तुम्ही हे पान वाचता हे मला ठाऊक आहे, म्हणून उत्तर इथेच देते. तिथे पंगत बसली होती.

पहिलं म्हणजे, उशिराचं ऐकून एखादी इंजेक्शन घेणार नसेल तर तिने ते घेऊच नये. जिला वर्षा-दीड वर्षात मूल हवं आहे तिच्यासाठी हे इंजेक्शन चुकीचंच आहे. तिला तांबी आहे, गोळ्या आहेत, निरोध आहे. चौतीस-पस्तिशीच्या बाईला तर हे दहा-बारा महिने फारच महाग पडतात, कारण वयाची गाडी कुणासाठी थांबत नाही. अशा बायकांनी नकार दिला तर तुमचा कार्यक्रम फसला असं कसं म्हणता? उलट ज्या बाईला तीन वर्षांचं अंतर हवं आहे, ती उशिराचं ऐकून काय घाबरणार? ती म्हणेल, बरं, मग शेवटची सुई सहा-आठ महिने आधी थांबवीन. तिला हिशोब करता येतो. भिशी चालवतात या बायका.

दुसरं म्हणजे, न सांगितल्याने बायका घाबरत नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं? 'सुईने कूस वाळते' ही अफवा गावात कशी जन्मते ते बघा. दहा जणींना 'लगेच' सांगितलं. त्यांतल्या पाच जणींना दहा महिन्यांतही काही नाही. त्या पाचही जणी अफवेच्या जिवंत पुरावा झाल्या. पुढे त्यांना मूल झालं तर ते देवाच्या नावावर जातं, आणि उशीर तेवढा सुईच्या नावावर राहतो. तुमच्या गप्प बसण्याने अफवेला खतपाणी मिळतं, आणि मग तुम्हीच भिंतीवर लिहिता, अफवांवर विश्वास ठेवू नका!

तिसरं, आणि हे इतिहासाची बाई म्हणून सांगते. या देशात या इंजेक्शनांची सुरुवातच न सांगण्याने झाली. १९८५ साली हैदराबादजवळ पटांचेरूला 'नेट-एन' नावाच्या दोन महिन्यांच्या इंजेक्शनचा प्रयोग चालला होता, आणि आलेल्या बायकांना हा प्रयोग आहे हेच धड सांगितलेलं नव्हतं. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतर काही जणी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ती याचिका निकाली निघायला २००० साल उजाडलं. दरम्यान १९९३ साली डेपो-प्रोव्हेराला विक्रीची परवानगी मिळाली, पण १९९५ साली सरकारच्याच औषधविषयक तांत्रिक सल्लागार मंडळाने ते सरकारी कार्यक्रमात घेऊ नये असं सांगितलं. २०१५ साली त्याच मंडळाने हरकत काढली. एवढी वर्षं भांडण नुसतं औषधाच्या चांगलं-वाईटाचं नव्हतं. गर्दीच्या सरकारी दवाखान्यात बाईला सगळं समजावून सांगितलं जाईल का, हा प्रश्न त्या भांडणाच्या मुळाशी होता. आणि परवानगी मिळाल्यावर तुम्ही म्हणता, सांगितलं तर घेणार नाहीत. म्हणजे विरोध करणाऱ्या बायकांचंच खरं होतं की काय?

आणि भावोजी, १९७६ साल तुम्हीही पाहिलंत. मी नोकरीत नवी होते. आम्हा मास्तर-मास्तरणींना नसबंदीच्या 'केसेस' आणायचं उद्दिष्ट दिलं होतं, पगारवाढ त्याच्याशी बांधली होती. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. त्यानंतर कितीतरी वर्षं गावातली माणसं कुटुंबनियोजनाची गाडी दिसली की शेतात पळायची. लोकांच्या भल्यासाठी लोकांना अंधारात ठेवायचं, याची किंमत त्याच कार्यक्रमाने मोजली आहे.

मागे जायचं तर र. धों. कर्व्यांपर्यंत जाता येईल. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी १९२५ साली प्राध्यापकी गेली, आणि तरी १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. खटले भरले गेले त्यांच्यावर. त्यांचे सगळे विचार मला पटतात असं नाही, पण माहिती छापली तर लोक बिघडतील या म्हणण्याला त्यांनी कधी भीक घातली नाही. शंभर वर्षं झाली. असो.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळते, कारण त्यांनाही सोडणार नाही. व्हॉट्सॲपवर "या इंजेक्शनपासून लेकीसुनांना वाचवा" म्हणून पुढे ढकलणारे. तुमच्या हातात कुठला पुरावा आहे? किती वर्षं घेतलं याचा त्या उशिराशी संबंध आढळलेला नाही, हे त्याच माहितीपत्रकात आहे. हाडांविषयी २००४ साली अमेरिकेत ठळक इशारा छापायला लावला, तो खरा आहे आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्या बाईने डॉक्टरांशी त्याविषयी बोललं पाहिजे. ते बोला ना! 'कूस वाळते' म्हटलं की बाईच्या सासूच्या हातात आयतं कोलीत मिळतं, एवढंच तुम्ही करता.

आशाताईंवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवते. एका आशाताईच्या पिशवीत किती कामं आहेत ते मी रोज बघते. तिला जे सांगायला शिकवलं तेच ती सांगणार. रांगेत तीस बायका उभ्या असताना सिस्टरही कुणाकुणाला समजावणार? म्हणूनच म्हणते, कार्डावर छापा. मोठ्या अक्षरात, साध्या मराठीत. शुद्धलेखन मी तपासून देते, फुकट. मजकूर असा:

"हे इंजेक्शन थांबवल्यावर मूल होतं, पण उशीर होतो. शेवटच्या सुईपासून साधारण दहा महिने, कुणाला दीड वर्षही. पाळी परत यायला काही महिने लागतात, पण पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात. वर्षाच्या आत मूल हवं असेल तर दुसरं साधन मागा. बंद करून वर्ष झालं तरी दिवस राहिले नाहीत, किंवा वय पस्तिशीच्या पुढे असेल तर त्याआधीच, नवरा-बायको दोघांनी डॉक्टरांकडे जा आणि शेवटच्या सुईची तारीख सांगा."

'दोघांनी' हा शब्द जाड ठशात.

मुलीने मला तिचं कार्ड दाखवलं, ते मी उलटून पाहिलं. मागची बाजू बरीचशी कोरी आहे, हा मजकूर आरामात मावतो. तिच्या कार्डावर तो मी स्वतःच्या हाताने लिहून दिला, आणि खाली मार्चपासूनचे महिने मांडून दिले. पुढच्या आठवड्यात तिचे सासरे न्यायला येणार आहेत म्हणे. ती ते कार्ड त्यांच्यासमोर ठेवणार आहे. वाचतील का, माहीत नाही. सासरे माझ्याच शाळेत होते, सातवीपर्यंत. वाचता येतं त्यांना.

भावोजी, तुमची ओळख अजून खात्यात आहे. कार्ड कोण छापतं, कुणाला लिहायचं, तो पत्ता तेवढा कळवा.